झाडण्याचा आठवडा

जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या बाड कानश्टाट भागात आम्ही सात वर्षं राहिलो, २००९ ते २०१६. चार बिऱ्हाडांची इमारत. दर चौथ्या आठवड्याला आमच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली असायची. तळहाताएवढी, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, वर जुन्या वळणाच्या अक्षरांत एकच शब्द : केरवोख. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला त्यात आपला केरच ऐकू आला, आणि अर्थही जवळपास तोच निघाला. झाडण्याचा आठवडा. ज्याच्या दारावर पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, कठडा पुसायचा, तळघराच्या पायऱ्या धुवायच्या, हिवाळ्यात सकाळी लवकर उठून फुटपाथवरचं बर्फ ओढायचं. शनिवारी संध्याकाळी पाटी शेजारच्या दाराला.

इमारत घरमालकीण आजींची. जन्म १९३७ चा. त्या तळमजल्यावर राहायच्या आणि जिना नीट पुसलाय की नाही हे त्यांना बूट वाजण्यावरून कळायचं. भेटवस्तूंचे कागद त्या इस्त्री करून कपाटात ठेवत. शिळ्या पावाचे तुकडे सुपात जात. तळघरात सफरचंदाच्या रसाच्या बाटल्या ओळीने उभ्या, प्रत्येकीवर साल लिहिलेलं. विजेचं मीटर त्या दर महिन्याच्या एक तारखेला वाचून वहीत उतरवायच्या.

मला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या, कारण त्या माझ्या आईसारख्या होत्या. पगाराच्या दिवशी आई जमिनीवर पाकिटं मांडून बसायची : दूध, वाणी, फी, भिशी, दवाखाना. दवाखान्याच्या पाकिटाला हात लागला नाही की देव पावला म्हणायची. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ऋण काढून सण करू नये, या म्हणी आमच्या घरात म्हणी नव्हत्याच, तो रोजचा कारभार होता. म्हणून जेव्हा मला कळलं की जर्मनीच्या तेव्हाच्या चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, अँगेला मर्केल यांनी डिसेंबर २००८ मध्ये, आमच्याच श्टुटगार्टमध्ये, पक्षाच्या अधिवेशनात सांगितलं होतं की बँकांच्या संकटाबद्दल एखाद्या श्वाबियन गृहिणीला विचारायला हवं होतं, ती म्हणाली असती की ऐपतीबाहेर कायम जगता येत नाही, तेव्हा मला ते वाक्य शंभर टक्के पटलं. श्वाबिया म्हणजे हाच प्रदेश. ती गृहिणी माझ्या खालच्या मजल्यावर राहत होती.

वरच्या मजल्यावर ग्रीक काका. १९६० मध्ये जर्मनीने ग्रीसशी कामगार आणण्याचा करार केला. त्या लाटेत ते १९६४ साली आले, म्युनिकच्या अकरा नंबरच्या फलाटावर उतरले, तिथून श्टुटगार्टला. पस्तीस वर्षं कारखान्यात लेथवर काढली. बायको गेलेली, मुलगी हॅम्बुर्गला. काकांच्या केरवोखात जिन्याला लिंबाच्या साबणाचा वास यायचा, आणि आजी म्हणायच्या, या इमारतीत माझ्यानंतर हाच माणूस नीट पुसतो.

२३ एप्रिल २०१० ची संध्याकाळ मला आठवते, कारण काकांनी आम्हाला वर कॉफीला बोलावलं होतं आणि टीव्ही चालू होता. ग्रीसचे पंतप्रधान जॉर्ज पापांद्रेऊ कास्तेलोरिझो नावाच्या छोट्याशा बेटावर उभे होते. मागे निळं पाणी, रंगीत घरं, होड्या. पर्यटनाच्या जाहिरातीसारखं दृश्य, आणि ते सांगत होते की देशाला आता कर्ज मिळत नाही, युरोप आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे मदत मागावी लागतेय. ग्रीकांपुढे आता नवी ओडिसी आहे, पण इथाकाची वाट आपल्याला ठाऊक आहे, असंही ते म्हणाले. काकांनी कॉफीचा कप बशीत ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग म्हणाले, "एवढ्या सुंदर जागी उभं राहून हे कशाला सांगायचं?"

ग्रीसची चूक नव्हती असं मी म्हणणार नाही, आणि काकाही म्हणत नसत. ऑक्टोबर २००९ मध्ये सरकार बदललं आणि कळलं की आधी राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांच्या आसपास सांगितलेली सरकारी तूट खरं म्हणजे बाराच्या वर आहे. शेवटचा आकडा निघाला तेव्हा ती पंधराच्याही वर होती. युरोच्या नियमात मर्यादा तीन टक्क्यांची. अथेन्सच्या श्रीमंत उपनगरांत करासाठी ३२४ जणांनीच पोहण्याचे तलाव नोंदवले होते, उपग्रहाच्या छायाचित्रांत सोळा हजारांहून जास्त निघाले. काका हा आकडा स्वतः सांगायचे आणि मान खाली घालायचे. त्यांनी जर्मनीत पै न पै कर भरला होता.

पण पैसे उधळायला दोन माणसं लागतात, एक घेणारा आणि एक देणारा. युरो आल्यावर ग्रीस जवळपास जर्मनीच्याच व्याजदराने कर्ज काढू लागला. जर्मन आणि फ्रेंच बँकांनी ते आनंदाने दिलं. त्या पैशातून जर्मन माल विकत घेतला गेला. संकट आलं तेव्हा ग्रीसकडे स्वतःचं चलन नव्हतं. इतर कुठलाही देश अशा वेळी चलनाची किंमत उतरवतो, निर्यात स्वस्त करतो आणि हळूहळू सावरतो. १९९१ मध्ये आपल्याकडे रिझर्व्ह बँकेतलं सोनं गहाण पडलं, तेव्हा आपणही रुपया उतरवला होता. ग्रीसला ती सोय नव्हती. मग चलनाऐवजी माणसांची किंमत उतरवायची, म्हणजे पगार, पेन्शन आणि मजुरी कमी करायची, एवढाच मार्ग त्यांच्यापुढे ठेवला गेला.

आणि संकटात सापडलेले सगळे देश उधळे होते, हेही खरं नव्हतं. २००७ मध्ये स्पेनच्या अंदाजपत्रकात शिल्लक होती आणि सरकारी कर्ज जर्मनीपेक्षा कितीतरी कमी. आयर्लंडचंही तसंच. तिथे बँका बुडाल्या, सरकारने २००८ च्या सप्टेंबरअखेरीस एका रात्रीत त्यांची हमी घेतली, आणि २०१० ची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३२ टक्क्यांवर गेली. खासगी कर्ज सरकारी झालं आणि त्यानंतर लोकांना सांगण्यात आलं की तुम्ही फार खर्च केलात.

मे २०१० मध्ये ग्रीसला ११० अब्ज युरोंचं पहिलं कर्ज मंजूर झालं. त्यावर देखरेख ठेवणाऱ्या तिघांना, म्हणजे युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि नाणेनिधी यांना, सगळे त्रोइका म्हणू लागले. त्याच आठवड्यात, ५ मे रोजी, अथेन्समध्ये मोर्चा चालू असताना एका बँकेच्या शाखेवर पेट्रोल बाँब पडले आणि आत अडकलेले तीन कर्मचारी गुदमरून मेले. त्यांतली एक गरोदर होती. काका त्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा काहीच बोलले नाहीत.

आजी मात्र बोलायच्या. "आमचे पैसे तिकडे चाललेत." एका मोठ्या खपाच्या जर्मन वृत्तपत्राने ग्रीकांना बेटं विकून टाका असा सल्ला दिला होता. तो अंक त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलावर पडलेला मी पाहिला. तिकडे अथेन्सच्या मोर्चांत मर्केल यांना नाझी गणवेश घातलेली चित्रं फिरत होती. दोन्ही बघून मला सारखीच लाज वाटायची.

आजींचे पैसे खरंच कुठे गेले, हे बऱ्याच नंतर कळलं. २०१६ मध्ये बर्लिनच्याच एका व्यवस्थापन संस्थेने ग्रीसच्या पहिल्या दोन कर्ज-कार्यक्रमांतल्या सुमारे २१६ अब्ज युरोंचा माग काढला. ग्रीक सरकारच्या खर्चासाठी त्यातले पाच टक्केही पोहोचले नव्हते. बाकी सगळे जुनी कर्जं, व्याज आणि बँकांचं भांडवल यांत जिरले. त्याच्या आदल्या वर्षी हाल्ले शहरातल्या अर्थशास्त्र संस्थेने हिशेब मांडला होता की, घाबरलेला पैसा जर्मन रोख्यांत धावल्यामुळे जर्मन सरकारचं जवळपास १०० अब्ज युरोंचं व्याज वाचलं. आजींच्या वहीत ही नोंद कधीच आली नसती, कारण न झालेला खर्च कुठल्याच मीटरवर दिसत नाही.

पगार, पेन्शन आणि सरकारी खर्च कापायच्या या धोरणाला मराठीत काटकसरीचं धोरण म्हणतात. हा शब्द मला इथे लावताना आजही जड जातं. काटकसर हा आईचा शब्द आहे. जर्मन त्याला श्पारपोलिटिक म्हणतात, बचतीचं राजकारण, आणि बचत म्हटलं की कोण विरोध करणार? ग्रीकमध्ये लितोतिता, म्हणजे साधेपणा. तिन्ही भाषांत या गोष्टीला सद्गुणाचंच नाव मिळालं. शिवाय जर्मनमध्ये कर्ज आणि अपराध यांचा शब्द एकच, शुल्ड. ग्रीकमधला ख्रेओस कर्जासाठीही आहे आणि कर्तव्यासाठीही. आपल्याकडे ऋण आहे, आणि ते आईवडिलांचं असतं, समाजाचं असतं, आपण सभेत उभं राहून "ऋणी आहे" म्हणतो, ऋणानुबंध जोडतो. कर्ज वेगळं. कर्जाने आपल्याकडे शेतकरी गळफास घेतो, आणि कर्जमाफीचा विषय निघाला की शहरातल्या दिवाणखान्यांत जे बोललं जातं ना, सवयी बिघडतील, प्रामाणिक फेडणाऱ्यावर अन्याय, तेच वाक्य मी श्टुटगार्टमध्ये ग्रीसबद्दल जर्मनमध्ये ऐकत होते. शब्दाला शब्द तोच.

इटलीत ४ डिसेंबर २०११ रोजी श्रममंत्री एल्सा फोर्नेरो पेन्शनमधली कपात जाहीर करत होत्या. वाक्यात 'त्याग' हा शब्द यायचा होता. तो त्यांना उच्चारता आला नाही. डोळे भरून आले, आवाज बंद झाला, आणि शेजारी बसलेल्या पंतप्रधान मारिओ मोंटी यांनी तो शब्द पुरा केला. पुष्कळांनी त्यांची टिंगल केली. त्या सगळ्या वर्षांतलं सत्तेतल्या माणसाचं मला पटलेलं ते एकच दृश्य आहे.

मला हे अर्थशास्त्र पुस्तकातून समजलं नाही. ते समजलं आत्याच्या खानावळीमुळे. आत्या लालबागला गिरणी कामगारांना जेवण घालायची. तीस-पस्तीस गडी, दोन पाळ्यांत, पगार झाला की महिन्याचे पैसे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पहिले दोन महिने तिने उधारीवर जेवू घातलं. मग एकेक जण ट्रंक घेऊन गावी, कोकणात, घाटावर. आत्याने खर्च कमी केला : आधी मासे बंद, मग मदतीला येणारी बाई बंद, मग भाजीवाल्याचा रोजचा रतीब अर्धा. भाजीवाल्याने त्याच्या पोराला शाळेतून काढून हातगाडीवर घेतलं. कोपऱ्यावरचा शिंपी गिरणीवाल्यांचे कपडे शिवायचा, त्याने मशीन विकलं. प्रत्येक जण अंथरूण पाहूनच पाय पसरत होता. प्रत्येकाने शहाणपणाच केला. आणि वर्षभरात सगळी गल्ली बसली, कारण एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत होती, आणि सगळ्यांनी एकदमच पाकिटं मिटली होती. आईच्या पाकिटांतले पैसे वाचायचे ते बाबांचा पगार बाहेरून येत होता म्हणून. आईने दुधाला कमी दिले, म्हणून बाबांचा पगार घटत नव्हता. देशाचं तसं नाही. तिथे दूधवाला, बाबा आणि आई एकाच घरात राहतात.

नाणेनिधीतले अर्थतज्ज्ञ धरून चालले होते की सरकारने एक युरो कापला तर उत्पन्न साधारण अर्ध्या युरोने घटेल. ऑक्टोबर २०१२ मध्ये निधीचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार यांनीच दाखवलं की प्रत्यक्षात ते ०.९ ते १.७ एवढं घटत होतं. युरो कापायचा आणि दीड युरो गमवायचा. २०१३ मध्ये निधीने ग्रीसच्या पहिल्या कार्यक्रमात ठळक अपयशं आल्याचंही अधिकृत अहवालात कबूल केलं. तोवर ग्रीसचं राष्ट्रीय उत्पन्न पाव भागाने आटलं होतं. बेकारी २७ टक्क्यांच्या पुढे, आणि पंचविशीच्या आतल्या मुलांत निम्म्याहून जास्त. आणि ज्या कर्जासाठी हे सगळं केलं ते? २००९ मध्ये ते उत्पन्नाच्या सुमारे १३० टक्के होतं. २०१२ मध्ये खासगी सावकारांनी दर्शनी किमतीवर निम्म्याहून जास्त पाणी सोडलं, तरी २०१४ मध्ये ते १८० टक्क्यांच्या आसपास होतं. भागाकारात छेदच लहान करत नेला तर दुसरं काय होणार?

एक प्रकरण मला विशेष लागलं, कारण माझी नोकरीच आकड्यांच्या तक्त्यांवर चालते. २०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी निबंध लिहिला की सरकारी कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ खुंटते, सरासरी उणे ०.१ टक्का होते. काटकसरीची बाजू मांडणारे मंत्री हा ९० चा आकडा मंत्रासारखा म्हणायचे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याला वर्गातल्या गृहपाठात हे निकाल काही केल्या जुळेनात. त्याने मूळ एक्सेल तक्ता मागवला. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी निवडायच्याच राहिल्या होत्या. ती चूक, काही वगळलेली वर्षं आणि सरासरी काढायची पद्धत असं सगळं दुरुस्त केल्यावर आकडा अधिक २.२ निघाला. हे २०१३ च्या एप्रिलमध्ये बाहेर आलं. मूळ लेखकांनी एक्सेलची चूक मान्य केली, मोठा निष्कर्ष सोडला नाही, आणि कर्ज वाढीला मारतं की मंदावलेली वाढ कर्ज फुगवते यावर विद्वान अजून भांडतात. त्यांनी भांडावं. मी त्या रात्री माझ्या कामाचा प्रत्येक तक्ता पुन्हा उघडून सूत्रं तपासत बसले. माझ्या चुकीने फार तर एखादा सुटा भाग उशिरा पोहोचला असता.

काकांची थोरली बहीण थेसालोनिकीत राहायची. शिवणकाम करून निवृत्त झालेली, एकटी. दर रविवारी दोघं फोनवर बोलत आणि काका सोमवारी जिन्यात आम्हाला हकिगत सांगत. वर्षाला जास्तीची मिळणारी तेराव्या-चौदाव्या महिन्याची पेन्शन गेली. २०११ मध्ये नवा घरकर आला तो थेट विजेच्या बिलात, भरला नाही तर वीज तोडू. लोक त्याला हारात्सी म्हणायचे. तुर्की अमलातल्या खंडणीचं ते नाव, मूळ अरबी खराज, जो आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात भेटतो. २०१२ मध्ये किमान वेतन ७५१ वरून ५८६ युरोंवर आलं. त्याच वर्षी ४ एप्रिलला, अथेन्सच्या सिंताग्मा चौकात, संसदेसमोर, एका ७७ वर्षांच्या निवृत्त औषधविक्रेत्याने सकाळच्या गर्दीत स्वतःवर गोळी झाडली. कचऱ्यात अन्न शोधायची वेळ येण्याआधी मानाने मरतो, असं त्याने लिहून ठेवलं होतं. हिवाळ्यात घर तापवायच्या तेलावरचा कर वाढला, म्हणून शहरातले लोक शेगडीत मिळेल ते लाकूड जाळू लागले. बहीण सांगायची, रात्री खिडकी उघडली की हवेला फर्निचरच्या व्हार्निशचा वास येतो.

२०१५ च्या जुलैत आम्ही काकांबरोबर तिथे गेलो. तिकिटं मे महिन्यातच काढली होती, सुट्टी म्हणून. २७ जूनच्या पहाटे ग्रीसचे तेव्हाचे पंतप्रधान त्सिप्रास यांच्या सरकारने, सावकारांच्या अटी मान्य आहेत की नाहीत यावर, सार्वमत जाहीर केलं आणि सोमवारपासून बँका बंद झाल्या. एका खात्यातून दिवसाला ६० युरो. काकांनी कमरेच्या पट्ट्यात रोख पैसे बांधून आणले होते, विमानातले कितीतरी लोक तसेच होते.

बहिणीचं घर तिसऱ्या मजल्यावर. तिने आमच्यासाठी भरलेले टोमॅटो केले होते. शिवणाचं जुनं मशीन खिडकीशी, त्यावर क्रोशाचं झाकण, झाकणावर औषधांच्या पट्ट्या. दोन पट्ट्यांतल्या गोळ्या तिने सुरीने अर्ध्या केल्या होत्या. काकांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "दिवसाआड घेतली तरी चालते." डॉक्टरांनी सांगितलंय का, यावर तिने वाढायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर एटीएमवर गेले. रांग कोपऱ्यापर्यंत. भांडण नाही, आवाज नाही, उन्हात छत्री धरलेल्या दोन बाया, एक गृहस्थ वर्तमानपत्राची टोपी करून. मशीनमधल्या वीसच्या नोटा संपल्या होत्या, म्हणून साठ म्हणजे प्रत्यक्षात पन्नासच. मी तिच्या पुढे होते. परदेशी कार्डाला ती मर्यादा लागू नव्हती. मी जर्मन बँकेचं कार्ड घातलं आणि पडद्यावर दोनशे, तीनशे असे पर्याय उमटले. ती माझ्या खांद्यामागून बघत होती. सत्तर वर्षं त्या शहरात राहिलेली बाई, शहराची भाषा न येणारी मी. मी दोनशे काढले. मग तिने तिची पन्नासची एक नोट काढली, चौपदरी घडी घातली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली.

घरी आल्यावर मी शंभर युरो मशीनवरच्या झाकणाखाली सरकवले. निघायच्या दिवशी ते माझ्या पर्समध्ये परत आलेले सापडले, सोबत क्रोशाचा एक रुमाल.

५ जुलैला सार्वमत झालं. ६१ टक्क्यांनी 'ओखी' म्हटलं, नाही. रात्री चौकात झेंडे, गाणी, बहीण बाल्कनीत उभी राहून टाळ्या वाजवत होती. दुसऱ्या सकाळी अर्थमंत्री यानिस वारूफाकिस यांनी राजीनामा दिला. आठवडाभरात ब्रुसेल्समध्ये रात्रभर, सतरा तास, बैठक चालली. जर्मन अर्थमंत्री वोल्फगांग शॉयब्ले यांनी ग्रीसला काही वर्षं युरोतून बाहेर ठेवण्याचा पर्यायही आणला होता. १३ जुलैला सकाळी त्सिप्रास यांनी आधीपेक्षा कडक अटी मान्य केल्या. तिसरं कर्ज, ८६ अब्जांपर्यंत. युरोतून बाहेर पडल्यावर काय झालं असतं, हे मला सांगता येणार नाही आणि त्सिप्रास यांना दगाबाज म्हणणाऱ्यांत मी नाही. पण त्या बाल्कनीतल्या टाळ्या मी ऐकल्या आहेत. लोकांना प्रश्न विचारायचा आणि उत्तराला आठ दिवसही किंमत द्यायची नाही, ही गोष्ट मला त्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त टोचते.

आम्ही सुट्टी संपवून परतलो. बहिणीला हृदयाचा त्रास सुरू झाला म्हणून काका तिथेच राहिले.

परत आल्यावर आजींनी रसाची बाटली उघडली आणि सगळं ऐकून घेतलं. अर्ध्या गोळ्यांपाशी त्यांनी मला थांबवलं आणि कुठली गोळी, कशासाठी, असं विचारलं. मग स्वतःच बोलू लागल्या. १९४८ चा जून, त्या अकरा वर्षांच्या. मार्क हे नवं चलन आलं त्या रविवारी माणशी चाळीस मार्क मिळाले. आईने पाच जणांचे दोनशे मार्क टेबलावर मांडले होते आणि हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. सोमवारी दुकानांच्या काचेआड एकदम माल दिसू लागला. "आम्ही शून्यातून उभं केलं सगळं. काम करून."

मी त्यांना १९५३ चं सांगितलं. २७ फेब्रुवारी १९५३ रोजी लंडनमध्ये करार झाला आणि पश्चिम जर्मनीचं परदेशी कर्ज जवळपास निम्मं माफ झालं. उरलेलं दीर्घ मुदतीने, आणि निर्यातीतून शिल्लक पडेल तेव्हाच, तेवढंच फेडायचं. सावकारांना पैसे हवे असतील तर त्यांनी जर्मन माल विकत घ्यावा. सही करणाऱ्या देशांत ग्रीस होता. ज्या ग्रीसमध्ये १९४१-४२ च्या हिवाळ्यात, जर्मन ताब्यात असताना, लोक रस्त्यावर भुकेने मेले होते. काकांची बहीण तेव्हा चार वर्षांची होती.

आजींनी हे कधी ऐकलं नव्हतं. शाळेत शिकवलं नाही, म्हणाल्या. त्यांनी मला आकडा पुन्हा विचारला, वही आणली आणि विजेच्या नोंदींच्या मागच्या कोऱ्या पानावर साल आणि 'निम्मं' हा शब्द लिहिला. माझं बोलणं त्यांना पटलं असं नाही. "पण आम्ही उरलेलं फेडलं," असं त्या दोनदा म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पाटी काकांच्या दाराला लागली. काका अजून थेसालोनिकीत. बुधवारी मी कामावरून आले तेव्हा तिसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना ओला होता. आजी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, गुडघ्याखाली उशी घेऊन कोपऱ्यातली धूळ काढत होत्या. मी बादली घ्यायला गेले तर त्यांनी सोडली नाही.

"त्यांचा आठवडा आहे," मी म्हटलं.

"त्यांचाच आहे. पाटी बघ, त्यांच्याच दाराला आहे." फडकं पिळून त्यांनी कठड्यावर पसरलं. "परत आले की करतील. आधी ती बाई बरी होऊ दे."

काका ऑक्टोबरच्या शेवटी आले. फुटपाथवर चेस्टनटच्या पानांचा खच पडला होता आणि पाटी आजींच्या दाराला होती. बॅग खालीच ठेवून ते झाडू शोधायला तळघरात उतरले.